जंगल गावाचं, मग चिठ्ठी कुणाची? सामूहिक वनहक्क सोप्या भाषेत

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. गडचिरोलीतल्या अमुक ग्रामसभेनं तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, लिलाव केला, चंद्रपुरातल्या तमुक ग्रामसभेनं बांबू विकला. रक्कम लाखांत, कधी कधी कोटीच्या घरात. शहरातला वाचक दोन ठिकाणी अडखळतो. जंगल तर सरकारचं असतं ना, मग ते विकणारी ही ग्रामसभा कोण? आणि ज्या दुर्गम गावांसाठी आपण दिवाळीत जुने कपडे गोळा करतो, त्यांच्या खात्यात एवढा पैसा आला तरी कुठून?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कायद्यात आहे. त्याचं पूर्ण नाव म्हणायला एक श्वास पुरत नाही: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६. आपण त्याला वनहक्क कायदा म्हणू. तो डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि नियम तयार होऊन १ जानेवारी २००८ पासून गावोगावी पोचू लागला. दुर्गम गाव स्वतःच्या पायावर कसं उभं राहतं, याची महाराष्ट्रातली सगळ्यात ठोस उदाहरणं या कायद्यातून निघाली आहेत. तरीही तो बहुतेकांना कळत नाही, कारण त्याची चर्चा एकतर कलमांच्या भाषेत होते, नाहीतर घोषणांच्या.

## आधी ग्रामसभा म्हणजे काय ते बघू

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, आणि तिथंच गोंधळाला सुरुवात होते. हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणा. निवडून आलेली कमिटी म्हणजे ग्रामपंचायत. सगळ्या सभासदांची सर्वसाधारण सभा म्हणजे ग्रामसभा. कमिटी पाच वर्षांनी बदलते, सर्वसाधारण सभा कायम असते. सभेत बसायला निवडून यावं लागत नाही, अठरा वर्षं पूर्ण झाली की झालं.

आता यातली खरी मेख. डोंगराळ भागात तीन-चार गावं-पाडे मिळून एक गटग्रामपंचायत असते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं लेखा हे त्याचंच उदाहरण: लेखा, मेंढा आणि कन्हारटोला मिळून एक पंचायत. पंचायतीच्या कायद्याप्रमाणे चाललं, तर तिन्ही वस्त्यांची एकच मोठी सभा. लांबच्या टोल्यावरची म्हातारी तिथं पोचतच नाही आणि पोचली तरी बोलत नाही. आदिवासी भागासाठी १९९६ साली आलेल्या पेसा कायद्यानं गावाची व्याख्याच बदलली. जी वस्ती स्वतःला गाव समजते आणि आपले व्यवहार आपल्या रीतीनं चालवते, ते गाव, मग ते टोला असो की पाडा. वनहक्क कायद्यानं हीच व्याख्या उचलली. म्हणजे सोसायटीच्या एकेका विंगला स्वतःची सर्वसाधारण सभा मिळाली. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसतो. माझ्या मते मात्र पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं, कारण शंभर घरं एका झाडाखाली बसू शकतात, हजार घरं बसू शकत नाहीत.

## मग जंगल हातचं गेलं कधी?

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात जंगलांचे नकाशे काढले, राखीव आणि संरक्षित असे शिक्के मारले. त्यांचा १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणारा माणूस या कायद्यानं एका रात्रीत परवानगी मागणारा झाला. पूर्व विदर्भात ‘निस्तार’ नावाची एक सवलत तेवढी उरली. घरच्या गरजेपुरतं सरपण न्या, कुंपणाला बांबू न्या, मोहफुलं वेचा. पण विकायचं नाव काढू नका. वापर तुमचा, व्यापार आमचा, असा हा हिशेब होता.

आणि गावाच्या गरिबीचं मूळ नेमकं या वाटणीत होतं. गडचिरोली जिल्ह्याच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ७० टक्के जंगल आहे. शेती पावसावरची, एकाच पिकाची. ज्या गावाच्या आजूबाजूला हजारो एकर बांबू उभा आहे, त्यातला माणूस तोच बांबू कागद कारखान्यासाठी मजुरीवर तोडत होता. याला गरीब गाव म्हणायचं की मालमत्ता गोठवलेलं गाव? २००६ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्दच वापरलेले आहेत. सरकारी कायदा स्वतःच्या मागच्या कायद्यांबद्दल असं बोलतो, हे आपल्याकडे क्वचित घडतं.

## कायद्यानं नेमकं दिलं काय?

लोकांना माहीत असतो तो वैयक्तिक वनहक्क. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून एखादं कुटुंब वनजमिनीवर शेती करत असेल, तर तेवढ्या जमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टरचा, हक्क त्याच्या नावे. नवरा-बायको दोघांच्या नावे. ही जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. वर्तमानपत्रात ‘आदिवासींना पट्टे वाटप’ म्हणून फोटो येतो तो याचा.

दुसरा हक्क कमी दिसतो आणि जास्त महत्त्वाचा आहे: सामूहिक वनहक्क. गाव पिढ्यान्पिढ्या ज्या जंगलात वावरलं, ज्याची राखण करत आलं, त्या अख्ख्या पट्ट्याची राखण, वाढ आणि व्यवस्था करण्याचा अधिकार ग्रामसभेला. शिवाय त्यातल्या गौण वनोपजाची मालकी. गौण वनोपज म्हणजे झाडाचं इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं वनस्पतींचं उत्पन्न: तेंदूपान, मोहफूल, मध, लाख, हिरडा, औषधी मुळ्या, आणि कायद्यात स्पष्ट नाव घेऊन लिहिलेला बांबू. हा शब्द एकदा समजून घेतला की पुरे. ‘गौण’ या विशेषणावर मात्र जाऊ नका. या गावांच्या घरखर्चात याच वस्तू प्रमुख असतात.

जमीन गावाच्या नावे होते का? नाही. जंगल जंगलच राहतं, ते कुणाला विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही. आंब्याच्या जुन्या वाड्यांत ‘झाडं वाटेकऱ्यांची, जमीन देवस्थानची’ असा प्रकार असतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथं फळ घेणाऱ्याकडेच राखणीचं कामही आहे आणि राखणीचे नियम करण्याचा अधिकारही.

## हक्क मिळाला, तरी दोन वर्षं बांबू का विकता आला नाही?

ही गोष्ट मेंढा (लेखा) गावाची. गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर, शंभरेक उंबऱ्यांचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. त्यातून या गावानं आपल्या कारभाराचा विचार सुरू केला. देवाजी तोफा हे गावातलेच, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्याबरोबर अभ्यास करणारे कार्यकर्ते. ‘मावा नाटे माटे सरकार’ ही गावाची गोंडी घोषणा पुढे सगळीकडे गाजली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र मिळालं. मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा ही असं अधिकारपत्र मिळालेली देशातली पहिली गावं. कागद हातात आला, बांबू समोर उभा होता, घेणारेही होते. पण तो विकता येईना.

अडलं होतं वाहतूक परवान्यापाशी. जंगलातला माल रस्त्यावर आणायचा, तर त्याबरोबर एक चिठ्ठी लागते. ती नसेल, तर नाक्यावर ट्रक जप्त. ही चिठ्ठी द्यायचं काम वन विभागाचं, आणि विभागाचं म्हणणं असं की बांबू हे झाड आहे, म्हणून ते गौण वनोपजात बसत नाही. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालतं. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत मात्र झाड या शब्दात बांबूही मोडायचा. एका कायद्यात बांबू झाड, दुसऱ्यात गौण वनोपज, आणि दोन्ही कायदे एकाच वेळी लागू!

कल्पना करा, म्हैस तुमची, गोठा तुमचा, वैरण तुमची, दूधही तुम्हीच काढता. पण किटली गावाच्या वेशीबाहेर न्यायची चिठ्ठी मात्र शेजाऱ्याकडून आणायची, आणि शेजारीही दूधच विकतो. अशा वेळी म्हैस तुमच्या नावे असून उपयोग काय?

मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सांगितलं, की बांबू हा गौण वनोपज धरावा. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आता चिठ्ठी ग्रामसभाच फाडणार होती. त्यानंतरच्या हंगामात गावाची बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. वर्षभरापूर्वीही बांबू तेवढाच होता, तोडणारे हात तेच होते. बदललं होतं ते फक्त पुस्तक ठेवायचं कपाट.

पुढे २०१२ मध्ये वनहक्काचे नियम बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा हे लेखी झालं. १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही २०१७ मध्ये बांबू वगळला गेला, पण त्यानं मोकळा झाला तो जंगलाबाहेर, म्हणजे शेताच्या बांधावर वाढलेला. जंगलातल्या बांबूला तो कायदा अजून लागू आहेच. यावर काय बोलणार!

## गाव दावा कसा करतं?

हा भाग सरकारी वाटतो, पण मला तो सगळ्यात रंजक वाटतो. ग्रामसभा आधी दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात एक तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. मग समिती जंगलाची पारंपरिक हद्द शोधायला निघते. नकाशावर नव्हे, पायी. बरोबर गावातली जुनी माणसं. हा नाला आपला, त्या टेकडीपलीकडचं शेजारच्या गावाचं, या झाडाखाली आपण देव मांडतो, इथं आपली जुनी वस्ती होती. शेजारच्या गावालाही बोलवावं लागतं, कारण दोन गावांच्या आठवणी एकाच नाल्यावर भिडतात. वाद होतात. बऱ्याच जागी ते तिथंच बसून मिटतात, काही ठिकाणी वर्षानुवर्षं लोंबकळतात.

कायदा पुराव्याच्या बाबतीत उदार आहे. निस्तार पत्रक चालतं, जुनं गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) चालतं, स्मशान, देवस्थान, विहीर, जुन्या घराचा चौथरा चालतो. वयोवृद्धांचं लेखी घेतलेलं सांगणंही पुरावा धरलं जातं. अट एवढीच, की एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे हवेत. ज्यांच्याकडे शंभर वर्षांत एकही कागद नव्हता, त्यांच्यासाठी केलेल्या कायद्यानं कागदच मागितले असते, तर तो पहिल्याच दिवशी मेला असता.

मग ग्रामसभेत ठराव. निम्मी प्रौढ माणसं हजर हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका. ठराव उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. त्यांची सही झाली की अधिकारपत्र. गडचिरोली जिल्ह्यात अशी तेराशेहून जास्त अधिकारपत्रं आहेत. देशात इतर कुठल्या जिल्ह्यात हे काम इतक्या प्रमाणात झालेलं नाही.

## गावाच्या हाती दिलं, तर जंगल संपणार नाही का?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो गैरलागू नाही. समोर पैसा उभा असताना माणूस कुऱ्हाड आवरेल कशावरून?

बांबूपुरतं उत्तर त्याच्या वाढीत आहे. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो आणि त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पण तो पक्का व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. एका बेटात पहिल्या वर्षाचे, दुसऱ्या वर्षाचे आणि जून झालेले असे सगळे बांबू एकत्र असतात. जून काढायचे, कोवळे ठेवायचे, पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही. बँकेतल्या ठेवीसारखं आहे: व्याज काढा, मुद्दल राहू द्या. व्याज किती, हे मोजून काढता येतं. ग्रामसभा आपल्या व्यवस्थापन आराखड्यात जंगलाचे भाग पाडते आणि आळीपाळीनं एकेका भागात तोडणी करते.

पण आराखडा मोडणार नाही याची हमी? लेखी हमी कुणीच देऊ शकत नाही, वन विभागही देऊ शकलेला नाही. इथं फरक आहे तो पाहणाऱ्या डोळ्यांचा. एका वनरक्षकाच्या वाट्याला शेकडो हेक्टर असतात. गावाच्या जंगलात सरपणाला, गुरांमागे, मोहाला रोज कुणीतरी जातंच. चोरी झाली, तर नुकसान कुणाच्या खात्याचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण मला यासाठी फार बोलकं वाटतं. या छोट्या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झालं. तेंदूपत्त्यातूनही मिळालं असतं, आणि तेही पटकन. गावानं ठरवलं, तेंदू विकायचा नाही. कारण साधं होतं: चांगली पानं फुटावीत म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात, जंगलात आगी लावतात, आणि मग तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, फळं ना माणसाला मिळतात ना पाखरांना. शिवाय जंगलाचा काही भाग त्यांनी देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. समोर आलेला पैसा नाकारण्याचा हा निर्णय वरून कुणी लादला असता, तर गावानं आंदोलन केलं असतं. स्वतःचा होता म्हणून टिकला.

सगळीच गावं पाचगावसारखी नाहीत, हेही लिहायला हवं. काही ठिकाणी ठेकेदारच आराखडा लिहून आणतो आणि ग्रामसभा नुसता अंगठा देते. तिथं मालकी बदलली, पण कारभारी जुनाच राहिला.

## पैसा येतो, तो जातो कुठे?

तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे अख्खं घर जंगलात, दुपारी अंगणात बसून पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजायचे. पूर्वी हा व्यापार सरकारच्या मार्फत चाले. मजुरी हातात यायची आणि उरलेला वाटा बोनस म्हणून मागाहून, कधी बराच मागाहून. ग्रामसभेचा लिलाव झाला, की व्यापारी दोन रकमा देतो: पानं तोडणाऱ्याची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी. रॉयल्टीचं काय करायचं, ते सभा ठरवते. काही गावं तोडणाऱ्यांत वाटून टाकतात, काही थोडा भाग आजारपणासाठी, राखणदारांसाठी, जंगलातल्या कामांसाठी मागे ठेवतात.

आणि इथं, माझ्या मते, खरी परीक्षा सुरू होते. ग्रामसभेला बँक खातं लागतं, पॅन लागतं, कराचे कागद भरावे लागतात, ऑडिट करावं लागतं. निविदा काढायची म्हणजे तिची भाषा यावी लागते. बाजार पडला, तर व्यापारी करार अर्धवट टाकून निघून जातो आणि पैसे बुडतात. तेंदूच्या बाजारात अशी वर्षं येतातच. बिडीचा धंदा खाली आला की त्याची झळ पानं वेचणाऱ्या हातांपर्यंत पोचते. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तेंदूपानावर १८ टक्के कर बसला, २०२५ मध्ये तो कमी होईपर्यंत त्याचाही भार शेवटी लिलावाच्या बोलीवर पडायचा.

एकटी ग्रामसभा व्यापाऱ्यापुढे लहान असते. म्हणून गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकत्र निविदा, एकमेकांचे हिशेब तपासणं, आणि कुठला व्यापारी पैसे बुडवतो याची आठवण सगळ्यांच्यात मिळून ठेवणं. बाजारात भाजी विकायला एकट्यानं बसणं आणि दहा जणींनी एका दरावर ठाम राहून बसणं, यात जो फरक आहे तोच हा.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनं आणखी वेगळं केलं. त्यांच्या वाट्याला आलेलं जंगल लहान, १९२ हेक्टर, तेही बरंचसं उजाड. गावानं चराई आवरली, झाडं लावली-राखली आणि सीताफळं स्वतःच्या नावानं पेट्या भरून शहरात विकायला सुरुवात केली. म्हणजे या कायद्याचा उपयोग फक्त घनदाट जंगलवाल्यांनाच, असं नाही.

## सगळ्यांचं एकमत? ते कुठे होतं का?

मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. ऐकणाऱ्याला हा भाबडेपणा वाटतो. पण जरा विचार करा. शंभर घरांच्या गावात साठ विरुद्ध चाळीस असा निर्णय झाला, तर ते चाळीस जण उद्या त्याच विहिरीवर पाणी भरणार, त्याच जंगलात जाणार. चाळीसांनी मनातून न मानलेला राखणीचा नियम पहिल्याच महिन्यात मोडतो. म्हणून ते थांबतात. विषय पुढच्या सभेला जातो, त्याच्या पुढच्याला जातो. मधल्या काळात अभ्यासगट बसतो: ज्याला त्या विषयात रस आहे त्यानं यावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, वाद घालावा. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, सभेला आहे. विचार आणि निर्णय यांच्या बैठकाच वेगळ्या.

हळू चालतं हे, फार हळू. २०१३ मध्ये या गावानं आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला दिल्या. महाराष्ट्राचा हा कायदा १९६४ चा, विनोबांच्या चळवळीतून आलेला, आणि बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला. असा निर्णय बहुमतानं घेतला असता, तर गावात डोकी फुटली असती.

## आमच्या गावाला जंगलच नाही, मग?

मग हा कायदा तुमच्या कामाचा नाही, पण त्यातली पद्धत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हा तिथून माणसं कामासाठी बाहेर जात होती. पाणलोटाची कामं इतरही गावांनी केली, पण त्यांचे बरेच बंधारे गाळानं भरले. हिवरे बाजारनं एक जास्तीचं काम केलं: पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरलं, माणसांना-गुरांना किती लागेल, मग उरलेल्यात कुठली पिकं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हे गावानं स्वतःवर घालून घेतलं.

मेंढ्याचा बांबू आणि हिवरे बाजारचं पाणी यांत साम्य कुठे आहे, ते लक्षात आलं असेलच. दोन्हीकडे गावानं सामाईक ठेव मोजली, व्याज किती काढायचं ते ठरवलं, आणि मोडणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला.

## म्हणजे सरकारनं आता हात झटकायचे?

नाही, आणि हा गैरसमज मुद्दाम पसरवलाही जातो. स्वावलंबी गाव म्हणजे मीठसुद्धा स्वतः पिकवणारं गाव नव्हे. शाळेला शिक्षक, दवाखान्याला डॉक्टर, नाल्यावर पूल हे नागरिक म्हणून मिळायला हवंच. तुमच्या सोसायटीकडे निधी आहे म्हणून नगरपालिका तुमचा रस्ता बंद करत नाही. उलट ज्या ग्रामसभेकडे स्वतःचं खातं आणि स्वतःची वही आहे, ती रोजगार हमीचं काम मागताना याचना करत नाही. तिला कुठला बांध कुठे हवा, ते आधीच ठरलेलं असतं.

## ग्रामसभा ‘नाही’ म्हणू शकते का?

म्हणू शकते. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तिथल्या लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही ‘नाही’ म्हणाल्या आणि खाण झाली नाही.

पण तेच न्यायालय १३ फेब्रुवारी २०१९ रोजी म्हणालं, की ज्यांचे दावे नाकारले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून काढा. देशभर खळबळ उडाली आणि पंधरवड्याच्या आत, २८ फेब्रुवारीला, त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे नाकारताना कारणं दिली होती का, दावेदाराला कळवलं होतं का, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. अधिकारपत्र नसलेलं कुटुंब किती पातळ दोरीवर उभं आहे, ते त्या पंधरा दिवसांत दिसलं.

## आणि बांबूला फुलोरा आला तर?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मानवेल जातीचा बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो. फुलला की एका भागातली बेटंच्या बेटं एकदम फुलतात, बी पडतं आणि बेट वाळून जातं. त्या बियांतून उगवलेलं नवं बेट तोडणीला यायला दहाएक वर्षं लागतात. ज्या ग्रामसभेचं सगळं उत्पन्न एकट्या बांबूवर आहे, तिच्यासाठी ही दहा वर्षांची सुट्टी आहे, आणि ती कधी सुरू होईल हे आधी कळत नाही.

फुलोरा आलेल्या वर्षी आधी वाळलेला बांबू झटपट काढून विकावा लागतो, नाहीतर तो उन्हाळ्यातल्या आगीला चारा होतो. कोवळी रोपं गुरांपासून जपावी लागतात, म्हणजे चराई बंद, म्हणजे गावातल्या गुरं असलेल्या घरांशी पुन्हा एकदा बसून बोलणं आलं. आणि तोवर घर चालवायला मोह, मध, हिरडा, सीताफळ यांतलं काहीतरी आधीपासून उभं असावं लागतं. एखाद्या गावाचा व्यवस्थापन आराखडा माझ्या हाती आला, तर किती कोटींची विक्री झाली ते मी नंतर बघेन. त्यात फुलोऱ्याच्या वर्षांसाठी एखादं पान आहे का, ते आधी शोधेन.